गौराक्कांच्या काठीचं माप

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी शिवाप्पा शेटे नावाचे भांड्यांचे व्यापारी राहत होते. पेठेत त्यांचं तांब्या-पितळेचं जुनं दुकान होतं. माणूस बोलायला गोड, वजनाला चोख आणि गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय न सोडणारा. त्यांची एक खोड मात्र साऱ्या पेठेला ठाऊक होती. कुणी बाई दुकानात आली आणि वरच्या फळीवरच्या मोठ्या घागरीकडे बोट दाखवू लागली, की घागर काढायच्या आधी शिवाप्पा विचारायचे, "उचलणार कोण?"

घरात धडधाकट माणूस असेल तर घागर. म्हातारी एकटी असेल तर कळशी. बाईनं कितीही हट्ट केला तरी घागर फळीवरून खाली येत नसे. त्यांचे मुनीम कपाळाला हात लावायचे, कारण घागरीत नफा जास्त. शिवाप्पा त्यांना सांगायचे, "भरलेली घागर तिच्या कमरंवर बसणार हाय, माझ्या न्हाई."

एवढ्या शहाण्या माणसाच्या हातून चूक झाली, ती गाडी घेताना.

शिवाप्पांच्या आईचं नाव गौराक्का. वय अठ्ठ्याहत्तर. जीभ तरुण होती, गुडघे मात्र थकले होते. त्यांची धाकटी बहीण कमळाक्का जतला राहायची. कमरेचं हाड मोडल्यापासून ती चार पावलं टाकायची ती घरातल्या घरात. म्हणून गौराक्काच दर दिवाळीला एसटीनं तिच्याकडे जायच्या. तीन वर्षांमागं त्यांनी स्टँडवर एसटीच्या पहिल्या पायरीला पाय लावला, आणि तो वर जाईचना. मागे माणसं खोळंबली. कंडक्टर भला होता, म्हणाला, "सावकाश, आजी." पण सावकाशही जमेना. त्या घरी परतल्या. पुढच्या वर्षी भाड्याची जीप आणली, तर तिचीही तीच उंची. तेव्हापासून दोघी बहिणी फोनवरच भेटायच्या. "तू ये," ही म्हणायची. "तूच ये," ती म्हणायची. मग दोघी फोन ठेवून द्यायच्या.

आईचं हे पाहून शिवाप्पांचा जीव तुटायचा. त्यांनी तिच्यासाठी सागवानी काठी करवून आणली. हात घसरला तर आधार हवा, म्हणून काठीच्या मध्याच्या जरा खाली एक पितळी कडं स्वतःच्या हातानं ठोकून बसवलं. गौराक्कांनी त्या कड्याचा भलताच उपयोग केला. कुठंही बसायच्या आधी त्या काठी तिथं टेकवून बघायच्या. बसायची जागा कड्याच्या बरोबरीला असली, की आपलं आपण बसता यायचं आणि उठताही यायचं. कड्याच्या वर गेली, की दुसऱ्याचा हात लागायचा. लग्नकार्यात त्या खुर्चीलाही काठी लावून बघत. लोकांना वाटे, म्हातारीची सवय आहे. कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटी शिवाप्पांनी ठरवलं, आता घरची गाडी घ्यायची आणि आईला जतला न्यायचं. त्यांनी हे न्हाव्याला सांगितलं, बँकेत सांगितलं, सासुरवाडीला सांगितलं. "आईसाठी घ्यायलोय," असं ते म्हणत, आणि मनापासून म्हणत. यात लबाडी काडीची नव्हती.

पण त्यांच्याच गल्लीत घोरपडे कंत्राटदार राहत. त्यांनी त्याच उन्हाळ्यात एक काळी, उंच, रुंद गाडी आणून दारात उभी केली. शिवाप्पा दुकानाला निघाले, की त्या गाडीला वळसा घालून जावं लागे. तिचं बॉनेट त्यांच्या छातीला लागत असे. पंधरा दिवस त्यांनी असा वळसा घातला. 'आईसाठी' हा शब्द तोंडात तसाच राहिला, पण डोळ्यांत ती उंच गाडी भरली. असं कधी होतं हे ज्याचं त्याला कळत नाही. आपल्यालाही कळलं नसतं.

गावाबाहेर बायपासला मगदूमांचं गाड्यांचं शोरूम होतं. तिथं रेहाना मुलाणी नावाची तिशीतली बाई गाड्या विकायची. तिचे वडील मिरजेला टांगा हाकत. सवारीतलं सगळ्यात म्हातारं माणूस नीट टेकल्याशिवाय ते लगाम हलवत नसत. मुलीनं घोडा सोडला, पण ती सवय सोडली नाही. गिऱ्हाईक आलं की बाकीचे लोक विचारत, किती रुपयांपर्यंतची बघायची? रेहाना विचारायची, "गाडीत कोण कोण बसणार?"

शिवाप्पांनाही तिनं तेच विचारलं.

"आईसाठी घ्यायलोय," शिवाप्पा म्हणाले आणि सरळ सगळ्यात उंच गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

"मग आजींना एकदा घेऊन या, काका. बसवून बघू."

"आणतो की," शिवाप्पा म्हणाले.

ते चार वेळा आले. कधी बायकोला आणलं, कधी मेहुण्याला, एकदा तर शेजारच्या शिंप्याला. आईला आणलं नाही. दर वेळी रेहानानं विचारलं आणि दर वेळी शिवाप्पांनी रंग कुठला बरा दिसेल ते विचारलं. चौथ्या खेपेला ते वैतागले आणि थेट मालकाच्या केबिनमध्ये गेले. मगदूमांनी रेहानाला बोलावून घेतलं.

"रेहाना, आपण गाड्या विकतो. गुडघे तपासत न्हाई."

"साहेब, ते सांगतात आईसाठी घेतोय. मी त्यांचाच शब्द धरून बसलेय," रेहाना म्हणाली. "पावती मला फाडायला लावणार असाल, तर आजी एकदा बसल्याशिवाय मी फाडणार नाही."

मगदूमांना राग आला. पण रेहानानं विकलेल्या गाडीचं गिऱ्हाईक कधी भांडायला परत येत नसे, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नुसताच घसा खाकरला.

घटस्थापनेचा दिवस उजाडला. त्या दिवशी गाडीचं बुकिंग करायचं आणि दसऱ्याला गाडी घरी आणायची, असं ठरलं होतं. गुरुजींनी सकाळी अकरा ते पावणेबाराचा मुहूर्त काढून दिला होता. नुसतं बुकिंग म्हणजे एक पावती फाडायची. घरी यायची ती गाडी अजून कंपनीच्या आवारात उभी. पण शिवाप्पांचा उत्साह दांडगा. दोन रिक्षा आणि एक टेम्पो भरून माणसं आली. पेढे आले, नारळ आला, झेंडूचा मनगटाएवढा जाड हार आला. तो हार शोरूममधल्या नमुन्याच्या उंच गाडीला घालण्यात आला. मगदूमांनी बँडवाल्यांना मात्र दारातच थांबवलं.

आणि गौराक्काही आल्या. पहिलं कुंकू घरातल्या मोठ्या माणसाच्या हातचं हवं, म्हणून त्यांना आणलं होतं. त्यांचा मान मोठा. आल्या आल्या त्यांना पंख्याखालच्या मऊ सोफ्यावर बसवलं, हातात सरबत दिलं. मग बाकीचे सगळे गाडीवर तुटून पडले. सून बसली, मेहुणा बसवराज बसला, शिंपी बसला. एकेकानं स्टिअरिंग धरून फोटो काढून घेतला. बारा माणसं चढली आणि उतरली. जिच्यासाठी गाडी घ्यायची ती सोफ्यावर सरबत पीत होती. मान द्यायच्या नादात तिला बसून बघायला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

मगदूमांनी पावतीचं पुस्तक टेबलावर ठेवलं. रेहानानं पेन हातात घेतलं, पण उघडलं नाही. ती उठून सोफ्यापाशी गेली.

"आजी, गाडीत बसून बघता का?"

"मला कशाला गं? ही पोरं बसली की," गौराक्का म्हणाल्या. पण डोळे चमकले. त्या काठी टेकत गाडीपाशी आल्या. सवयीप्रमाणं त्यांनी काठी उभी धरून मागच्या सीटला लावली. सीट पितळी कड्याच्या चांगली वीतभर वर होती. गौराक्कांनी काठी खाली घेतली.

"छान हाय गाडी," त्या म्हणाल्या आणि मागे वळल्या.

"अगं, बस की आई! तुझ्यासाठीच घ्यायलोय!" शिवाप्पा म्हणाले. कुणीतरी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. गौराक्कांनी एक पाय स्टुलावर ठेवला, स्टूल हललं. मग शिवाप्पांनी मागून काखेत हात घातले, बसवराजनं पाय धरले आणि दोघांनी मिळून त्यांना आत चढवलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. गौराक्का सीटवर बसल्या, पण त्यांची मान खालीच होती.

"बघा, बसली का न्हाई?" शिवाप्पा घाम पुसत म्हणाले.

"बसले," गौराक्का म्हणाल्या. "आता उतरवणार कोण?"

"मी हाय की!"

"आणि तू दुकानात असशील तवा?"

"बसवराज हाय. कुणीबी धरंल."

गौराक्कांनी दाराबाहेर खाली जमिनीकडे बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "म्हंजी कमळीच्या दारात मला असंच पोत्यागत उतरवायचं. ती बघणार, तिच्या सुना बघणार. न्हाई रं शिवाप्पा. गाडी घ्या तुम्ही, चांगली हाय. फिरून या समदी. मी आपली फोनवर बोलंन तिच्याशी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. त्यांना खाली उतरवायला पुन्हा दोघे लागले. पदर सरकला, तो त्यांनी सारखा केला आणि कुणाकडेही न बघता काठी शोधू लागल्या. शोरूममध्ये इतकी माणसं होती, पण पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

मगदूमांना अशी शांतता धंद्यात चालत नसे. ते म्हणाले, "शेठ, काळजी करू नका. पायदान बसवून देऊ. आणि मुहूर्त टळायला वीसच मिनिटं राहिली बघा."

रेहानानं काठी उचलून गौराक्कांच्या हातात दिली. "आजी, एकच मिनिट," ती म्हणाली आणि त्यांना कोपऱ्यात घेऊन गेली. तिथं पाण्याच्या कूलरशेजारी एक लहानशी राखाडी गाडी उभी होती. तिच्याकडे सकाळपासून कुणी बघितलंही नव्हतं. एकानं तर तिच्या टपावर पेढ्यांचा रिकामा बॉक्स ठेवला होता. रेहानानं बॉक्स उचलला आणि मागचं दार सताड उघडलं.

गौराक्कांनी काठी सीटला लावली. सीट आणि कडं एका रेषेत आलं.

त्यांनी रेहानाकडे बघितलं. मग दाराकडे पाठ केली, खाटेवर टेकावं तशा सीटवर टेकल्या, एक पाय आत घेतला, दुसरा घेतला, आणि स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं. कुणीही हात लावला नव्हता. काच खाली होती. खिडकीतून त्यांचा चेहरा दिसत होता आणि तो तीन वर्षांत कुणी असा बघितला नव्हता.

"चला की," गौराक्का म्हणाल्या.

"कुठं, आई?" सुनेनं विचारलं.

"जतला!"

सगळे हसले. बसवराज जरा जास्तच हसला. म्हणाला, "दाजी, एवढा दांडगा हार आणलाय आणि ही डबी घेणार व्हय? घोरपडे काय म्हणंल?"

शिवाप्पांचे कान तापले. त्यांनी उंच गाडीकडे बघितलं. तिच्या काचेत त्यांची स्वतःची छबी चांगली रुबाबदार दिसत होती. बाहेर बँडवाले वाट बघत होते. साऱ्या गावाला सांगून झालं होतं. ते रेहानाला म्हणाले, "मॅडम, हीच मोठी लिहा. पायदान बसवून घेतो. आईला होईल सवय."

रेहानानं पावतीचं पुस्तक पुढं ओढलं, पण लिहिलं नाही.

"काका, मागच्या वर्षी माझी अम्मी तुमच्या दुकानात आली होती. मोठी तांब्याची घागर मागत होती. शेजारणीकडं होती, म्हणून तिलाही पाहिजे होती. ती तासभर हटून बसली. तुम्ही घागर काढलीच नाही. कळशी देऊन पाठवलंत. घरी येऊन तिनं तुम्हाला शिव्या घातल्या. आता रोज त्याच कळशीनं पाणी भरते आणि तुमचं नाव घेते." रेहानानं पेन पुस्तकावर ठेवलं. "तुम्ही तिला जे विचारलं होतं, तेच मी तुम्हाला विचारते. उचलणार कोण?"

शिवाप्पा उभे होते तिथंच थांबले. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात हजार बायकांना विचारला होता. त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांची नजर कोपऱ्यातल्या गाडीकडे गेली. आई खिडकीतून बाहेर बघत होती. काठी तिच्या मांडीवर आडवी होती आणि अंगठा त्या पितळी कड्यावरून फिरत होता. ते कडं शिवाप्पांनीच ठोकून बसवलं होतं. आई दोन्ही गाड्यांना काठी का लावून बघत होती, ते त्यांना आत्ता उमगलं. आईचं माप त्यांच्याच हातानं काढलेलं होतं, आणि ते मात्र घोरपड्यांच्या बॉनेटवरून गाडी मापत होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. चारचौघांत वाटली, म्हणून जरा जास्त वाटली.

ते वळले. उंच गाडीपाशी गेले, झेंडूचा हार उतरवला आणि लहान गाडीकडे घेऊन आले. हार मोठ्या गाडीच्या बेतानं केलेला होता. लहान गाडीवर तो थेट जमिनीवर लोळू लागला. शिवाप्पांनी त्याचा दुहेरी वेढा केला आणि नीट बसवला. मग खिडकीपाशी वाकून म्हणाले, "आई, उतर आता. कुंकू लाव."

"उतरते की," गौराक्का म्हणाल्या. दार उघडून, पाय बाहेर काढून, काठी टेकून त्या आपल्या आपण उतरल्या. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुनेनं डोळ्यांना पदर लावला.

"बसवराज," शिवाप्पा मेहुण्याला म्हणाले, "घोरपड्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. त्याच्या आईला न्यायचं न्हाई मला, माझ्या आईला न्यायचंय."

रेहानानं पेन उघडलं आणि पावती फाडली. मुहूर्त टळायला तीन मिनिटं होती. मोठ्या गाडीचा नफा डोळ्यांदेखत गेला म्हणून मगदूम जरा हळहळले. पण पेढा तोंडात घालताना त्यांच्या मनात आलं, आज इथं आलेली ही तीसेक माणसं घरी जाऊन काय सांगणार? त्यांनी तो विचार पुरता केला आणि दुसरा पेढा आपल्या हातानं रेहानाला दिला.

दसऱ्याला गाडी दारात आली. घोरपड्यांच्या गाडीशेजारी ती कमरेएवढीच दिसत होती. शिवाप्पा तिच्याकडे बघून मिशीत हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गौराक्का नेसत्या लुगड्याला साजेसं ब्लाउज शोधण्यात तासभर घालवून गाडीत बसल्या, आणि गाडी जतच्या रस्त्याला लागली.

कमळाक्का दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. गाडी थांबली. शिवाप्पा उतरायच्या आत मागचं दार उघडलं, आधी पितळी कड्याची काठी बाहेर आली, मग एक पाय, मग दुसरा. गौराक्का उभ्या राहिल्या. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग कमळाक्का सुनेच्या आधारानं चार पावलं चालत गाडीपर्यंत आल्या आणि मोठ्या बहिणीच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "एकटी उतरलीस गं!"

"तूबी बसून बघ," गौराक्का म्हणाल्या. त्यांनी बहिणीला काठी दिली, ती सीटला कशी लावायची ते दाखवलं. कमळाक्काही बसल्या. मग गौराक्का पलीकडून जाऊन त्यांच्याशेजारी बसल्या. आत चहा झाला, पोहे झाले, शिवाप्पा बोलवून बोलवून थकले. दोघी मागच्या सीटवर हातात हात घेऊन बसल्या होत्या आणि उतरायचं नाव काढत नव्हत्या. शेवटी चहा गाडीतच न्यावा लागला.

मगदूमांच्या शोरूममध्ये आता एक रीत पडली आहे. घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस आधी गाडीत बसतं, मग सोफ्यावर. रेहानाच्या टेबलाशेजारी पितळी कड्याची एक सागवानी काठी टेकवलेली असते. ती शिवाप्पांनी करून दिली आहे. आणि शिवाप्पा दुकानात कुणा बाईला "उचलणार कोण?" असं विचारतात, तेव्हा पूर्वीपेक्षा जरा हळू आवाजात विचारतात.

तात्पर्य: जी वस्तू ज्याच्या नावानं घ्यायची, ती त्याच्याच मापानं घ्यावी. बघणाऱ्यांच्या डोळ्यांचं माप लावलं, की आपल्या माणसावर प्रेम असूनही त्याची जागा चुकते.